इझूचे बीच: शिमोदाला एकदा तरी जा

टोकियोहून समुद्र बघायला कुठं जाऊ असं कुणी विचारलं की मी डोळे झाकून शिमोदा सांगते, इझू द्वीपकल्पाच्या पार दक्षिण टोकाजवळचं गाव. ओदोरिको एक्सप्रेसला अडीच-पावणेतीन तास लागतात पण जाताना डावीकडची खिडकी पकडा, अर्धा रस्ता समुद्रच समुद्र!

शिराहामा ओहामाची वाळू खरंच पांढरीशुभ्र आहे, आणि बीचच्या टोकाला काळ्या खडकावर लाल तोरी (शिंतो देवळाची कमान) उभी आहे, लाट आपटली की तिच्या पायाशी फेस उसळतो, मी तासभर नुसती बघत बसले होते. जुलै-ऑगस्टमध्ये तुफान गर्दी असते, म्हणून सकाळी लवकर जा. सर्फिंग करायचं तर तातादोहामा.

आणि र्‍यूगूची गुहा चुकवू नका! छत कोसळून वर मोठ्ठं भोक पडलंय, एका बाजूने बघितलं तर त्याचा चक्क बदाम दिसतो.

१८५४ च्या जपान-अमेरिका तहात अमेरिकन जहाजांसाठी उघडलेलं हे बंदर, गावात छोट्या नदीकाठी पेरी रोड आहे, तो तह करणाऱ्या अमेरिकन कमोडोर पेरीच्या नावाचा, संध्याकाळी तिथं रमतगमत फिरा. मासे खाणाऱ्यांनी किनमेदाई खायचाच, लालभडक, मोठ्या सोनेरी डोळ्यांचा, सोया सॉस-साखरेत शिजवलेला, भाताबरोबर अहाहा!