बोगद्याचा चढ आणि आईची स्कूटर

साताऱ्यात राजवाड्याकडून बोगद्याकडे जाणारा चढ आईच्या बॅटरीवरच्या स्कूटरला गेल्या पावसाळ्यापासून झेपेनासा झाला होता. भाजीच्या पिशव्या पायापाशी ठेवून ती अर्ध्या चढावर उतरते आणि गाडी ढकलत घरी आणते, हे शेजाऱ्यांकडून कळले तेव्हा मला फार वाईट वाटले. गाडी 250 वॅटच्या आतल्या हब मोटरची (चाकातच बसवलेल्या मोटरची) आहे, म्हणजे पासिंग आणि लायसन्स न लागणारी. गॅरेजमध्ये 1000 वॅटची मोटर आणि 60 व्होल्टची बॅटरी बसवून टाकण्याचा सल्ला मिळाला.

त्यापूर्वी मी मल्टिमीटर हँडलला चिकटपट्टीने बांधून स्वतः चढावर गेलो. उभ्या गाडीत 51 व्होल्ट दाखवणारा आकडा मधल्या वळणावर 42 पर्यंत घसरला आणि मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरने वीज तोडली. मग चारही लेड-ॲसिड बॅटऱ्या एकेक करून त्याच चढावर तपासल्या. तीन बॅटऱ्या 11.2 व्होल्टच्या आसपास टिकून होत्या, चौथी मात्र 8.4 वर येत होती. उभ्या गाडीत तीही इतरांसारखीच निरोगी दिसे. म्हणजे दोष मोटरचा नव्हता, बॅटरीचा होता.

मोटर न बदलण्याचे दुसरे कारण कायद्याचे होते. मोटरची तीस मिनिटांची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, तरच अशी गाडी मोटार वाहन धरली जात नाही. मोठी मोटर बसवली की नोंदणी, विमा आणि लायसन्स हे सगळे लागू होते, आणि उद्या अपघात झाला तर त्याची जबाबदारी आईवर येते, हे मला मुळीच मान्य नव्हते. शिवाय त्या नियमातले ‘तीस मिनिटे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण दोन-तीन मिनिटांच्या चढापुरती तीच मोटर याहून बरीच जास्त शक्ती देऊ शकते. तिला तेवढी वीज मात्र मिळाली पाहिजे.

म्हणून लिथियम फेरोफॉस्फेटचे 16 सेल एकापुढे एक जोडलेली, 51.2 व्होल्ट आणि 30 अँपिअर-तासांची बॅटरी बीएमएससह, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या संरक्षक सर्किटसह घेतली. कंट्रोलर 18 अँपिअरच्या वर जात नाही, तेव्हा 42 व्होल्टला मोटरकडे 756 वॅट जात होते. आता चढावरही 50 व्होल्ट टिकत असल्याने 900 वॅट जातात, आणि गाडीचे वजनही सुमारे 22 किलोंनी उतरले आहे. भरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज जवळपास पूर्वीइतकाच असल्यामुळे सपाटीवरचा वेग वाढला नाही. चढ संपल्यावर मी हबवर हात ठेवून पाहिला. तो कोमट होता, चटका बसण्याइतका तापलेला नव्हता.

चार्जर मात्र बदलावाच लागतो. जुन्या चार्जरची रीत लेड-ॲसिडची असते आणि या बॅटरीला 58.4 व्होल्टला थांबणारा चार्जर हवा. नव्या चार्जरचा खर्च वाचवण्याच्या नादात कोणी पडू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गाडीवरचा जुना काटाही निरुपयोगी ठरला, कारण या सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो आणि काटा बॅटरी संपत आली तरी भरलेलीच दाखवतो. म्हणून आत गेलेला आणि बाहेर आलेला प्रवाह मोजून टक्केवारी दाखवणारा छोटा मीटर हँडलवर लावला आहे. काल आई भाजी घेऊन न उतरता घरी आली, तेव्हा त्यावर 81 होते.