फराइजचा तास आणि चोवीसचा छेद

लोक अजून विचारतात, मिरजेच्या मदरशात होतास मग दहावी कशी केलीस, आणि मला दरवेळी सांगावं लागतं की अहो आमच्याकडं दोन्ही होतं. फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर, हिफ्जचा (कुराण पाठ करण्याचा) सबक, मग नाश्ता, साडेदहापासून बोर्डाचे विषय, असरनंतर (दुपार कलल्यावरची नमाज) ग्राउंड, मगरिबनंतर (सूर्यास्ताची नमाज) परत सबक, आणि दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा. पण टाइमटेबलात दोन्ही बसवलं म्हणजे दोन्ही एक झालं असं होत नाही. सुरुवातीला उस्ताद सकाळचे, सर दुपारचे, एकाला दुसऱ्याचं काय चाललंय पत्ता नाही.

एक झालं ते फराइजच्या तासाला. वारसांची वाटणी म्हणजे फराइज. माणूस गेला, मागं बायको, एक मुलगा, एक मुलगी. कर्ज आणि वसीयत फेडून जे राहील त्यातला आठवा हिस्सा बायकोला, उरलेल्यात मुलाला मुलीच्या दुप्पट. मुफ्ती साहेब, म्हणजे आम्हाला शरियत शिकवणारे, मसला छान समजावायचे पण आम्ही हिशोबात अडायचो, कारण अपूर्णांकच कच्चे. मग त्यांनी गणिताच्या सरांना वर्गात बोलावून घेतलं. सरांना अरबीचं अक्षर येत नव्हतं, त्यांनी बायकोच्या हिश्श्याचा आठ आणि मुलाचे दोन, मुलीचा एक असे तीन, यांचा लसावि काढला, छेद 24, बायको 3, मुलगा 14, मुलगी 7. मुफ्ती साहेबांनी किताबशी ताडून बघितलं आणि म्हणाले, हौ, बराबर. त्यानंतर लसावि कशाला शिकायचा असं वर्गात कुणी विचारलं नाही. आज मी हायस्कूलला गणित शिकवतो त्याचं मूळ त्या तासात आहे.

आणि ही काय नवी टूम नाही हो. नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मीनं बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला त्यात वारसाहक्काची गणितंच केवढी आहेत! लखनौच्या फिरंगी महलच्या मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात दर्स-ए-निजामी हा मदरशांचा अभ्यासक्रम बसवला त्यातही मंतिक म्हणजे तर्कशास्त्र होतं, हिसाब होता, भूमिती होती. पुढं बऱ्याच ठिकाणी ही बाजू मागं पडली याचं मला फार वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही, ती म्हणजे कॅलेंडर. मदरशाचं वर्ष रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यात सुरू होऊन रमजानआधीच्या शाबानला संपतं, शाळेचं जूनला सुरू, आणि चांद्रवर्ष साधारण 11 दिवसांनी लहान, त्यामुळं रमजान दरवर्षी मागं सरकतो. 2025 ला तर दहावीचे बरेच पेपर रोज्यात आले. त्यात हाफिज झालेली, म्हणजे सगळं कुराण पाठ असलेली, पोरं तरावीह (रमजानमधली रात्रीची लांब नमाज) पढवायला तासगाव, विट्याकडं जातात, रात्री उशिरापर्यंत उभं राहायचं आणि सकाळी पेपर, कसं जमणार?

माझं मदरशाच्या कमिटीला मनापासून सांगणं आहे, दहावीच्या पोरांना त्या वर्षी बाहेर पाठवू नका, आपल्याच मशिदीत आलटून पालटून पढवू दे, आणि गणिताची रिव्हिजन फजरनंतर लावा, सेहरी झालेली असते, डोकं ताजं असतं. शिकवायला कुणी नसेल तर मी मिरजेतच आहे, तो महिनाभर रोज सकाळी येऊन जाईन.