गाय अन् मोठे बाबा, रोग एकच

आमची गवळाऊ गाय मरून दोन महिने झाले तरी मोठी आई म्हणते का गाईचाच रोग मोठ्या बाबांले लागला. तसं नाही हो, गाय पाच वर्षांची अन् बाबांचा सांधेवात वीस वर्षांचा, कोण कोणाले लावन!

गाईले आधी हगवण लागली, ती कायनंच थांबेना, मग गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं अन् चारा खाऊनही बरगड्या मोजता येत होत्या. आम्ही आधी जंताचं औषध पाजत बसलो, त्यातच दिवस गेले. मेल्यावर डॉक्टरनं वावरातच पोस्टमार्टम केलं. मूत्रपिंड चांगलंच फुगलेलं, पांढुरकं, मेणबत्तीसारखं गुळगुळीत. अन् चार पोटांपैकी दुसऱ्या पोटाजवळ पूच पू, त्यात बोटभर गंजलेली तार. कुटाराच्या गंजीले बांधली होती तीच.

तुकडा लॅबमधे गेला, रिपोर्ट आला अमायलॉइडोसिस. हा शब्द मी याआधी एकदाच वाचला होता, मोठ्या बाबांच्या किडनी बायोप्सीच्या कागदावर. त्यांचेही पाय सुजायचे, लघवीले फेस यायचा, अन् आम्ही म्हणायचो उन्हाचं असन.

मग मी वाचत बसलो. शरीरात कुठंही सूज धुमसत राहिली, सांधेवात म्हणा, टीबी म्हणा, गाईच्या पोटातला पू म्हणा, तं लिव्हर सीरम अमायलॉइड ए नावाचं प्रोटीन बनवतच राहते. चार दिवसांचं काम असन तं ठीक, पण वर्षानुवर्षं चाललं का ते प्रोटीन चुकीचं दुमडते, त्याचे धागे होतात अन् किडनीत, प्लीहेत, आतड्यात जाऊन बसतात, हाच तो अमायलॉइडोसिस. म्हणजे जखम एकीकडं, मार खाते किडनी. नावाची गंमत अशी का 1854 मधे विर्चो नावाच्या जर्मन डॉक्टरनं आयोडीन टाकून पाहिलं, रंग स्टार्चसारखा बदलला म्हणून त्यानं अमायलॉइड, म्हणजे स्टार्चसारखं, म्हटलं, निघालं प्रोटीन! आता काँगो रेड नावाच्या रंगानं रंगवून पोलराइज्ड लाइटखाली, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या उजेडाखाली, पाहतात, हिरव्या सफरचंदासारखं चमकते. माणसात याचे दुसरेही प्रकार असतात, त्यात प्रोटीन वेगळं, औषधही वेगळं.

लागण्याबद्दल मोठी आई अगदीच चूक नाही म्हणा. पिंजऱ्यातल्या चित्त्यांमधे हा रोग लय आहे, अन् 2008 मधे जपानच्या संशोधकांनी आजारी चित्त्याच्या विष्ठेतलं अमायलॉइड टोचून उंदरांत रोग आणून दाखवला. पण ते टोचून, अन् उंदरांत. आपण तं गाईचं दूध पेलो होतो बापा.

मोठ्या बाबांची सांध्यांची औषधं आता नियमित चालू आहेत, लघवीतलं प्रोटीन कमी झालं. गाईसाठी मात्र तसं काही नव्हतं, डॉक्टर म्हणे तार आधी सापडली असती तं.

कुटार टाकायच्या आधी मी आता त्यावरून जुन्या स्पीकरचं चुंबक फिरवतो. परवा दोन खिळे अन् तारेचा एक तुकडा चिकटून आला.