वायसर बदलू का?

ऑईल बदलायला गाडी लावली की सगळी चर्चा ऑईलभोवती फिरते. ग्रेड कोणता, मिनरल की सिंथेटिक, बाटली ९०० मिलीची की लिटरची. खाली ड्रेन बोल्ट उघडतो, काळं ऑईल ट्रेमध्ये पडतं आणि बोल्टाच्या मानेतली चकती, म्हणजे वायसर, तशीच पुन्हा आत जाते. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: ‘काय होत नाही, चालतंय.’ आणि बऱ्याचदा खरंच चालतं. म्हणून तर हा वाद मिटत नाही.

स्प्लेंडर आणि तिच्या गोतावळ्यातल्या गाड्या घ्या. १२ मिलिमीटरचा बोल्ट, त्याला १७ चा पाना, आणि मध्ये ॲल्युमिनियमचा चपटा वायसर. ऑईल आटे अडवतात असा समज आहे, पण आट्यांमधून ते निवांत झिरपतं. अडवतो तो वायसर. बोल्ट आवळला की हा मऊ धातू दबतो आणि बोल्टाच्या डोक्यावरचे, क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या कवचाच्या) बैठकीवरचे बारीक ओरखडे भरून काढतो. एकदा दबला की त्या ओरखड्यांचा ठसा त्याच्यावर उमटतो, शिवाय धातू थोडा कडकही होतो. पुढच्या वेळी तो ठसा बरोबर त्याच जागी बसेल, याची हमी कोण देणार?

समजा बसला नाही आणि मिनिटाला एक थेंब गळू लागला. वीस थेंबांचा साधारण एक मिली. ताशी ३० च्या सरासरीने ३००० किलोमीटर म्हणजे १०० तास, ६००० थेंब, ३०० मिली. ९०० मिलीच्या इंजिनात तिसरा हिस्सा गेला. त्यातलं काही वाऱ्याने मागच्या टायरवर उडतं, ते वेगळंच.

पण खरी भीती गळतीची नाही, गळती थांबवणाऱ्या हाताची आहे. जुना वायसर पाझरतो, म्हणून बोल्ट आणखी पाव फेरा आवळला जातो. पुढच्या वेळी आणखी पाव. बोल्ट पोलादाचा, क्रँककेस ॲल्युमिनियमचं. या झटापटीत कोण हरणार ते ठरलेलंच आहे. अशा १२ च्या बोल्टाला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात (आपल्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो). म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला १३ ते १५ किलोचा जोर. पान्यात पाईप घालून लांबी ६० केली की तोच जोर तिप्पट. मग एक दिवस बोल्ट नुसता फिरत राहतो: आटे गेले. आता जाडा बोल्ट ठोका, नाहीतर हेलिकॉईल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवा, तेही जमलं नाही तर क्रँककेसच बदला. नवा वायसर कटिंग चहाच्या भावात मिळतो.

सगळे वायसर मात्र सारखे नसतात. चपटा ॲल्युमिनियमचा अडीअडचणीला एकदा पुन्हा वापरला तर आभाळ कोसळत नाही. चपटा तांब्याचा गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केला की पुन्हा मऊ होतो. हा प्रयोग ॲल्युमिनियमवर करू नये. ते लाल न होताच ६६० अंशांना वितळतं. घडी घातलेला पोकळ वायसर एकदा चेपला की संपला. आणि हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी वायसर मुळीच नको. तो दबतच नाही, मग सगळा भार पुन्हा आट्यांवर. टेफलॉन टेप किंवा गॅस्केट बॉन्ड (फटी बुजवायची चिकट पेस्ट) हेही नको, त्याचे तुकडे सुटून आत ऑईल गाळणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात.

बदलताना इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट करावं आणि गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. बोल्ट निघाला की जुना वायसर त्याच्यासोबत आला का ते बघावं. तो बरेचदा वर बैठकीला चिकटून राहतो, त्याच्यावर दुसरा चढतो, आणि नवा वायसर घालूनही गळतं कसं म्हणून लोक डोकं खाजवत बसतात. बैठक फडक्याने पुसावी. वायसर मापाचाच हवा. १४ चा १२ च्या बोल्टावर एका बाजूला सरकतो. पहिले तीन-चार फेरे बोटांनीच द्यावेत. बोटांनी फिरत नसेल तर बोल्ट तिरका लागलाय. पाना नंतर.

एवढं करूनही खाली थेंब दिसला तर लगेच बोल्टावर तुटून पडू नये. तो इंजिनच्या तळाशी असतो, त्यामुळे गिअर शाफ्टचं सील, किकचं सील, क्लच कव्हरचं गॅस्केट, कुठूनही पाझरलेलं ऑईल ओघळत येऊन त्याच्याच टोकाला लोंबतं. इंजिनचा खालचा भाग रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडा करावा, टाल्कम पावडर भुरभुरावी आणि पाच-सहा किलोमीटर फिरून यावं. पावडरीवरचा ओला माग वर जिथे सुरू होतो, तिथला भाग उघडायचा.