आमची वाटचाल: पुठ्ठ्याच्या बॉबिनपासून रिळांच्या पेटीपर्यंत

भरतकामाची लड साधारण ८ मीटरची, दोरा सहा पदरी. लड मोकळी करून दोनदा दोरा ओढला की तिसऱ्यांदा गुंता ठरलेलाच. दोरा गुंडाळायच्या चपट्या बॉबिन आणि रिळांच्या पेट्या बनवायचा आमचा छोटा उद्योग या गुंत्यावरच उभा आहे. कच्चा माल म्हणजे घरातून रोज बाहेर पडणारे पातळ पुठ्ठ्याचे खोके आणि शाम्पूच्या बाटल्या.

पहिली बॉबिन एकेरी पुठ्ठ्याची होती. असा पुठ्ठा जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, पूर्ण लड गुंडाळली की तो कंबरेत वाकतो. म्हणून दोन थर आले, आणि त्यांच्याबरोबर नवी दुखणी. पुठ्ठ्यालाही लाकडासारखी रेघ असते. ज्या बाजूने तो सहज वाकतो, ती तिची दिशा. दोन्ही तुकड्यांची रेघ एकाच दिशेला हवी. एक उभी, एक आडवी लागली तर गोंद वाळताना थर वेगवेगळे आकसतात आणि सकाळी पन्हाळ हातात येते. छापील बाजू आत घेतो, म्हणजे बाहेर रंगाचा नंबर लिहिता येतो. पण ती गुळगुळीत बाजू आधी पॉलिश पेपरने खरवडावी लागते, नाहीतर थर सोलून निघतात. पांढरा गोंद पाणी न घालता, पातळ लावायचा, वर रात्रभर वजन. नंबर पेन्सिलनेच लिहायचा, कारण शाईचा डाग दमट हवेत दोऱ्यावर उतरू शकतो.

आमचं माप ४ बाय ३.५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना खाच, वर पंचचं ६ मिलिमीटरचं भोक, आणि टोक अडकवायला ४ मिलिमीटरची चीर. चीर कात्रीच्या एकाच घावात द्यावी. दुसऱ्यांदा कात्री फिरवली की ती रुंदावते आणि टोक सुटतं.

खरा कस कडेचा. सहांतला एक पदर सुटा करून तो खाचेच्या कडेवरून चार-पाचदा हलके ओढायचा. त्यावर लव उठली, तर ती बॉबिन परत घासायला जाते. ही परीक्षा आम्ही कधीच सोडत नाही. गुंडाळतानाही दोरा ताणायचा नाही, कडेवर पक्की घडी बसते.

पांढरे आणि फिके दोरे पुठ्ठ्यावर फार दिवस ठेवू नयेत. साध्या पुठ्ठ्यात आम्ल असू शकतं, त्याने दोरा पिवळा पडतो. त्यांच्यासाठी शाम्पूच्या बाटलीचं प्लॅस्टिक घेतो. वास जाईपर्यंत बाटली साबणाने धुवायची आणि सपाट भागच कापायचा; गोलाईचा तुकडा किती दाबला तरी पुन्हा वळतो. टोकदार कोपरे नेलकटरने छान गोल होतात.

मशीनच्या रिळांची पेटी बुटांच्या खोक्यात बसते. तळाला पन्हाळी पुठ्ठ्याचे पाच थर, त्यात थोट्या पेन्सिलींचे ६ सेंटिमीटरचे तुकडे. भोक पेन्सिलीपेक्षा किंचित लहान ठेवायचं आणि तुकडा गोंद लावून तळापर्यंत दाबायचा. दोन-तीन थरांत खुंट्या डुलतात. रिळाचं भोक आधी मोजावं, काहींत पेन्सिल जातच नाही.

जरीचा दोरा मात्र चपट्या बॉबिनवर देत नाही. त्याची घडी पुन्हा सरळ होत नाही, म्हणून तो पुठ्ठ्याच्या गोल नळीवर सैल गुंडाळतो आणि टोक नळीच्या कडेच्या चिरेत अडकवतो.