तुम्ही विचारलंत म्हणून : डीएनएची डबी जिवंत असते का?

लातूरला मी नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. डीएनएपासून अतिसूक्ष्म डब्या बनवतात असं वर्गात सांगितलं की प्रश्न ठरलेला. पालकही गाठून विचारतात, "मॅडम, मग ती डबी जिवंत असते का? अन् डीएनए कुणाचा असतो?"

जिवंत नसते. तिथं डीएनए आनुवंशिकतेसाठी नाही, दोरा म्हणून घेतलेला असतो.

औशाकडच्या आमच्या गावी आजोबा अंबाडीच्या वाखाचं दावं वळायचे. मांडीवर पीळ देत दोन पदर एकमेकांवर चढवायचे. डीएनएही दोन पदरांचाच, जाडी २ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). पदरांवर ए, टी, जी, सी ही चार रासायनिक अक्षरं समोरासमोर जोडीनं बसतात, साधारण साडेदहा जोड्यांमागे एक पीळ. पण वाखाचा कुठलाही पदर कुठल्याही पदरावर बसतो, डीएनएचा बसत नाही. ए समोर टीच, जी समोर सीच. मुलं हे चार गुणांसाठी पाठ करतात आणि पुढं जातात, याचं मला फार वाईट वाटतं. कारण अक्षरांचा क्रम ठरवला, की कुठला तुकडा कुठं बसणार हेही तिथंच ठरतं. इतका शब्दाला पक्का दुसरा माल मला माहीत नाही.

हे १९८०च्या सुमारास नेड सीमन या स्फटिकशास्त्रज्ञाला उमगलं. त्यांनी सरळ दोरीला फांद्या फोडल्या आणि १९९१मध्ये डीएनएचा घन उभा केला. पुढं २००६मध्ये पॉल रॉथमुंड यांनी सात हजारांवर अक्षरांचा एकच लांब पदर घेतला. तो हव्या त्या आकारात नागमोडी दुमडायचा आणि दोनशेच्या वर आखूड तुकड्यांनी जागोजागी टाचायचा. करायचं काय, तर सगळं मॅग्नेशियमच्या खारट पाण्यात मिसळून नव्वद-पंच्याण्णव अंशांपर्यंत तापवायचं आणि हळूहळू निवू द्यायचं. नळीत डोळ्यांना नुसतं पाणी दिसतं. त्याच पाण्यात शंभरेक नॅनोमीटरचे हसरे चेहरे अब्जावधींनी तयार झालेले असतात! हात कुणी लावलेला नसतो.

कुणाचा डीएनए? लांब पदर जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचा. आखूड तुकडे यंत्रावर रसायनांपासून बनवलेले, त्यांना आई-बापच नाहीत.

औषध भरून या डब्या उद्याच रक्तात सोडतील, असं मी मुलांना सांगत नाही. रक्तातली विकरं (एन्झाइम्स) डीएनए कुरतडतात. बंगळुरूला यमुना कृष्णन यांनी डीएनएच्या यंत्रानं जिवंत पेशीच्या आतली आम्लता मोजली, ते २००९चं काम मला जास्त मोलाचं वाटतं.

सगळ्यात नेमकं विचारलं ते एका शेतकरी बापानं. "मॅडम, पण ह्या गाठी सुटतेत का?"

सुटतात. तापवलं की सगळ्याच सुटतात. एखादीच सोडायची तर पदराचं एक टोक मोकळं ठेवतात. पूर्ण जुळणारा नवा तुकडा ते टोक धरतो आणि अक्षरामागून अक्षर जुन्या जोडीदाराला बाजूला सारत जातो. डेन्मार्कमध्ये २००९ला बनलेल्या डबीचं झाकण अशाच किल्लीनं उघडलं.