मायाल क्रीक: फासावर कोण गेलं, सुटलं कोण

सिडनीहून उत्तरेला गाडी हाकत बिंगारा गाठायला अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी डेलुंग्राच्या रस्त्यानं मायाल क्रीकला पोचलो. जूनची बोचरी थंडी, चहूकडे गुरांची कुरणं. इथल्या १८३८च्या हत्याकांडाच्या स्मारकाची वाट तांबड्या खडीची, नागमोडी. वाटेतल्या दगडांवर इंग्रजीत आणि गमिलराय या इथल्या आदिवासी भाषेत कोरलेला मजकूर वाचत पुढे जायचं.

हेन्री डँगरच्या या मळ्यावर विर्रायाराय आदिवासी मुक्कामाला होते. १० जून १८३८ रोजी त्यांचे धडधाकट पुरुष कामावर गेलेले असताना बारा घोडेस्वार आले. बायका, मुलं, म्हातारे यांना दोरानं बांधून नेलं आणि किमान २८ जणांना मारलं. पुढे प्रेतंही जाळली.

मला इथवर ओढून आणलं ते त्यानंतरच्या खटल्यानं. अकरा आरोपी, सगळे इंग्लंड-आयर्लंडहून काळ्या पाण्यावर धाडलेले कैदी किंवा सजा भोगून सुटलेले. बारावा, म्हणजे म्होरक्या जॉन फ्लेमिंग, जमीनदाराच्या घरातला. तो निसटला. जमीनदारांनी वर्गणी काढून आरोपींना वकील दिले. पहिल्या ज्यूरीनं सगळ्यांना सोडलं. महाधिवक्ता प्लंकेट आयरिश कॅथलिक होता, हट्टाला पेटलेला. त्यानं पुन्हा खटला भरला आणि १८ डिसेंबरला सात जण फासावर गेले.

साक्ष दिली ती जॉर्ज अँडरसननं, डँगरच्याच मळ्यावर राबणाऱ्या कैद्यानं. ज्याच्याकडे गमावण्यासारखं सगळ्यात कमी होतं तोच बोलला, असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. मालकाच्या मुठीतला माणूस होता तो, आणि पुन्हा त्याच लोकांत राहायचं होतं. मुकादम हॉब्जनं प्रकार वर कळवला, तर डँगरनं त्याला नोकरीवरून काढलं.

मळ्यावर डेव्ही नावाचा आदिवासी होता. उरलेल्या चौघांविरुद्ध सरकारला त्याची साक्ष हवी होती. पण ख्रिस्ती शपथ न घेणाऱ्याचं म्हणणं कोर्टात चालत नसे. चौघे सुटले.

गोऱ्यांना आदिवासींच्या खुनासाठी फाशी झाली म्हणून वसाहतभर गहजब उडाला. त्या संतापात सात कैद्यांच्या जिवाची कळकळ किती होती, याची मला शंका आहे. जमीन मालकांची, घोडे मालकांचे, आणि कोर्टात उभे राहिले ते नोकर.

फ्लेमिंगवर खटला चाललाच नाही. हॉक्सबरीच्या खोऱ्यात शेती करत तो पुढे चर्चचा विश्वस्त झाला, मॅजिस्ट्रेटही झाला.